चुकून कोणी हजर म्हणालं तर

बाबांच्या नावाचं ओळखपत्र पोस्टानं आलं, तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. जाड निळा पुठ्ठा, वर पक्षाचं चिन्ह, खाली 'प्रतिनिधी' आणि त्याखाली त्यांचं पूर्ण नाव. सोबत केंद्रीय कार्यालयाचं दर तीन वर्षांनी येणारं पत्र होतं: मागच्या अधिवेशनानंतर वारलेल्या सभासदांची यादी जोडली आहे, नेहमीप्रमाणे तयार करून आणावी. यादीत सव्वीस नावं होती. बाबांचं नव्हतं. ते गेल्याचं कार्यालयाला कळवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते केलेलं नव्हतं.

बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पक्षात त्यांना सगळे 'दुरुस्ती' म्हणत, कारण कोणीही कसलाही ठराव मांडला की ते चष्मा कपाळावर चढवून उभे राहत आणि म्हणत, "एक छोटी दुरुस्ती आहे." पक्ष लहान होता, निवडून फारसं कोणी येत नसे, पण अधिवेशन कधी चुकलं नाही. पहिल्या सकाळी शोकप्रस्ताव असे. सगळे उभे राहत आणि बाबा यादी वाचत. नाव, किती अधिवेशनं, आणि मग त्या माणसाबद्दल एक ओळ. एकच.

त्या ओळीचे नियम त्यांनीच ठरवले होते. थोर, लढाऊ, निष्ठावंत हे शब्द चालायचे नाहीत. "निष्ठावंत सगळेच आहेत," ते फोनवर सांगत, "तुम्ही मला ते जिना कसे उतरायचे ते सांगा." आणि ओळ खरी आहे असं दोन माणसांनी सांगायला हवं, एकाच्या आठवणीवर ते काहीही छापू देत नसत.

मी ग्रंथालयात काम करते. संध्याकाळी घरी आले की बाबांच्या टेबलाशी बसून फोन लावायचे. त्यांच्या डायरीत नंबर होते. पलीकडून आवाज यायचा, "दुरुस्ती का?" आणि मी म्हणायचे, "मी मुलगी बोलतेय." ते कुठे आहेत हे बहुतेकांनी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना मी सांगितलं की यंदा यादी मी करतेय. ते खोटं नव्हतं. पाच आठवड्यांत सव्वीस ओळी जमल्या. सभेला स्वतःची खुर्ची घेऊन यायच्या. सायकल होती, पण कधी बसले नाहीत, हातात धरून चालायचे. पत्रक देण्याआधी समोरच्याला वेळ विचारायचे.

आमच्या शाखेत अकरा माणसं. शिंपीकाका सचिव. त्यांच्या दुकानात, इस्त्री करून टांगलेल्या पँटींच्या खाली बैठक झाली आणि सगळ्यांनी मिळून प्रतिनिधी म्हणून मला निवडलं. नाही म्हणण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं. शाखेतलं माणूस गेलं की कार्यालयाला दोन सह्यांचं पत्र द्यावं लागतं, एक सही सचिवाची, एक प्रतिनिधीची. काकांनी आपली सही करून पत्र माझ्या हातात दिलं. तेव्हापासून ते माझ्या पर्समध्ये, निळ्या ओळखपत्राला चिकटून होतं. सही झाली की बाबांचं नाव यादीत जाणार, निळं कार्ड परत घेऊन मला माझं मिळणार. नाही झाली, तर अधिवेशनाच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे एवढाच शेरा लागणार: गैरहजर.

तो शब्द मला बरा वाटत होता. गैरहजर माणूस कुठेतरी असतो.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बाबांच्या जुन्या गाडीतून निघालो. मी चालवत होते, शेजारी काका, मागे आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, निवृत्त नर्स, पक्षाशी काडीचा संबंध नाही. "मला एकदा बघायचंय," ती म्हणाली होती, "हा माणूस दर तीन वर्षांनी धुतलेला शर्ट घालून जायचा तरी कुठे." गाडीचा मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही, म्हणून ती त्याच बाजूला बसली. म्हणाली, म्हणजे पडायची भीती नाही.

गाव संपलं. मग काका म्हणाले, "सिस्टर, तुमचे गुडघे माझ्या पाठीत रुततायत."

"मग सरका पुढे, सचिवसाहेब. जन्मभर लोकांची मापं घेतलीत, एका सीटचं घेता येत नाही?"

"सीटचं घेतलं होतं. गुडघ्यांचं धरलं नव्हतं."

आत्या हसली. काका माझ्याकडे वळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पोरी, ती सही."

"ओळ सापडली की करते."

"ओळ नंतर घालता येईल."

"ओळीशिवाय नाव वाचायचं नाही, असा त्यांचाच नियम आहे ना?"

"तो आहे," काका म्हणाले. "पण उद्या दहाच्या आत पत्र गेलं नाही, तर आपल्या शाखेचं मतही जाईल. एकच मत आहे आपलं. ते चोरून ठेवून काय करणार?"

"त्यात काय, आत्ता शोधू ओळ," मागून आत्या म्हणाली. "लिही. माझा भाऊ कधी कोणावर चिडला नाही."

"काय सांगता!" काका म्हणाले. "पत्रकात सभेची तारीख चुकली, तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही."

"त्याला चिडणं म्हणत नाहीत. तो विचार करत असेल."

"आठ दिवस?"

"बरं, मग तुम्ही सांगा."

काकांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. "माझ्याकडून एकच कोट शिवला त्यानं. तोच तीस वर्षं घातला."

"दोन होते," मी म्हणाले. "दुसरा तुम्ही खराब शिवला होता, म्हणून तुम्हाला दिसू नये असा घरातच घालायचे."

काकांनी खिडकीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "हे तू मला आत्ता सांगतेस?"

असं चाललं होतं. प्रत्येक ओळ एकाला आठवायची आणि दुसरा ती खोडून काढायचा. सव्वीस अनोळखी माणसांबद्दल मला खात्रीनं काहीतरी लिहिता आलं होतं. ज्यांच्या घरात मी एक्केचाळीस वर्षं राहिले, त्यांच्याबद्दल दोन माणसांचं एका वाक्यावर एकमत होत नव्हतं.

डोंगर मागे पडले आणि रस्ता सपाट झाला. उन्हात धुकं मिसळलं होतं. लांबची झाडं जमिनीला न टेकता उभी असल्यासारखी दिसत होती. मला रात्रीची झोप बरेच दिवस नव्हती, आणि त्या उजेडात जागं असणं आणि नसणं यांच्यातली कड पुसट झाली. बसथांब्यापाशी एक बाई घडीची खुर्ची काखेत धरून उभी होती. पुढे एका वळणावर एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, सायकल ठणठणीत होती, तो बसत नव्हता. मी वेग कमी केला. त्यानं आमच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी काकांना विचारणार होते की तुम्हाला दिसला का, पण विचारलं नाही. यादीतली माणसं अधिवेशनाला निघाली असतील तर त्यांचाही रस्ता हाच असणार.

"एकदाच चुकला तो," काका म्हणाले, जणू मधला अर्धा तास गेलाच नव्हता. "यादीत."

"बाबा?"

"तेच म्हणतोय. पहिल्यांदा यादी हातात आली आणि पहिल्यांदाच एक नाव गाळलं. मी नव्हतो त्या वर्षी, ऐकलेलं सांगतो. एक लाइनमन होता, विजेच्या खांबांवर चढणारा. त्याचं नाव वाचलंच नाही. समितीनं कारण विचारलं. हा म्हणाला, कारण आहे, पण ठरावात बसणारं नाही."

"मग?"

"मग काय. स्वतः जाऊन लाइनमनच्या बायकोला भेटून आला. सगळ्यांना वाटलं, ती आता कडाकडा भांडणार. तर हा पिशवीभर संत्री घेऊन परत. आणि बाईचं कार्यालयाला पत्र, की माझ्या यजमानांचं नाव यादीत घालायची घाई करू नये. पुढे कोणी घातलंच नाही. कार्यालयाच्या वहीत तो अजून सभासद आहे. शंभरी ओलांडली असेल."

"वर्गणी भरतो का?" आत्यानं विचारलं.

"सिस्टर, झोपा तुम्ही."

आणि ती खरंच झोपली.

दुपारी मिठागरं लागली. दोन्ही बाजूंना उथळ पाण्याचे चौकोन, त्यात आभाळ, आणि मधून बांधासारखा उंच सरळ रस्ता. मीठ रचून ठेवलेले पांढरे ढीग एकामागून एक मागे जात होते. गाडी चालत नसून पाणीच सरकत असावं, असं वाटत होतं. हा पट्टा संपतो तिथे चहाचं एक दुकान आहे, बाबा दर वेळी तिथेच थांबायचे, हे काकांनी निघतानाच सांगितलं होतं. "तो गाडीतच डुलकी काढायचा वीसेक मिनिटं. मी पाय मोकळे करायचो."

दुकानात साठीची एक बाई होती. तिनं आधी गाडीकडे बघितलं, मग काकांकडे, मग माझ्याकडे. ती तीन कप मांडायला लागली आणि म्हणाली, "चष्मेवाले उतरले नाहीत? वाचायला बसले वाटतं."

काका माझ्याकडे बघत होते.

"नाही आले," मी म्हणाले.

"तब्येत?"

मी कपांकडे बघितलं. तिनं तिसऱ्या कपात चहा ओतता ओतता किटली खाली ठेवली. "कधी?" तिनं विचारलं.

"दोन महिने झाले," काका म्हणाले.

तिनं पदराला हात पुसले आणि आमच्यासमोरच्या बाकावर बसली. "मला वाटलंच होतं एकदा असं होणार. आता कोण वाचणार?"

"काय वाचायचे?" काका म्हणाले. "तो तर इथे झोपायचा."

"डुलकी कसली, दादा! तुम्ही तिकडे पाण्याकडे तोंड करून उभे राहायचात. ते काच खाली करून मोठ्यानं नावं वाचायचे. एक नाव वाचायचं, त्याच्याबद्दल काहीतरी सांगायचं, मग थांबायचं. चांगलं पाचसहा श्वास. मग पुढचं. पहिल्यांदा आले तेव्हा माझं नुकतं लग्न झालं होतं, मी धीटपणे विचारलं, वाट कोणाची बघताय? म्हणाले, कोणी चुकून हजर म्हणालं तर नाव यादीतून काढायला हवं. नंतर तक्रार नको."

काका हळूच हसले, आणि मग हसेनासे झाले. "तो स्टेजवरही थांबायचा," ते म्हणाले. "आम्ही समजायचो, दम लागतो. मी एकदा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो."

"आणि म्हणालं होतं की एकजण," बाई म्हणाली. "त्या पहिल्याच वेळी. भाड्याची गाडी होती, मागच्या सीटवर छोटी मुलगी झोपलेली. हे वाचत होते. कुठलंतरी नाव झालं, हे थांबले आणि मागून आवाज आला, हजर! एकदम ठणठणीत, शाळेत म्हणतात तसा. पोरगी तशीच झोपलेली. हे गाडीतून उतरले. इथे उभे होते, या खांबाला धरून. हसत होते का काय करत होते कोण जाणे. मला म्हणाले, आता काय करायचं? नियम मीच केलाय."

मला ते आठवत होतं. इतकी वर्षं मी ते स्वप्न म्हणून जपलं होतं: सगळीकडे पांढरं पाणी, मी कुठेतरी आडवी, एक आवाज नावं घेतोय आणि माझी पाळी आली की मला बोलायचंय. मी बोलते आणि आवाज थांबतो. स्वप्न नेहमी तिथेच संपायचं. मी आठ वर्षांची होते. आई आजारी होती, म्हणून बाबा मला सोबत घेऊन गेले होते. बाकी त्या प्रवासातलं काही आठवत नाही.

"लाइनमन," काका म्हणाले. "म्हणजे तू..."

"झोपेत होते, काका."

"तरी पण. तीस वर्षं एका माणसाला जिवंत ठेवलंस की."

मी पैसे द्यायला गेले तर बाईनं घेतले नाहीत. गाडीपाशी परत आले. आत्या मागे झोपलीच होती, तोंड किंचित उघडं, चष्मा छातीवर. काका दारात घुटमळले, मग न सांगता पाण्याच्या बाजूला चालत गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी काच खाली केली आणि यादी काढली.

खुर्चीवाल्या बाई. मी थांबले. पाण्यावर वारा होता, त्याचा बारीक आवाज. सायकलवाले. थांबले. पाचसहा श्वास फार मोठे असतात, हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक नावानंतर ती जागा उघडी राहायची आणि मी ऐकत बसायचे. कुठेतरी पंप चालू होता. एक पक्षी पाण्यात पाय बुडवून उभा होता. कोणीही काही म्हणालं नाही, आणि दर वेळी ते न म्हणणं वेगळं होतं. सव्विसाव्या नावानंतर मी पर्समधून ते पत्र काढलं आणि त्यावरचं नाव वाचलं. बारा अधिवेशनं, असं म्हणाले. पुढे ओळ नव्हती, म्हणून एवढ्यावरच थांबले.

मला तेव्हा नेमकं काय हवं होतं, ते मी स्पष्ट लिहिते. मला कोणीतरी हजर म्हणायला हवं होतं. कोणीही. मग मी पत्र फाडणार होते. नियम होता, आधीचं उदाहरणही होतं, लाइनमनसारखे बाबाही वहीत शंभरी ओलांडणार होते, आणि दर तीन वर्षांनी निळं कार्ड घरी येणार होतं.

वर आरशात बघितलं. आत्याचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते कोण जाणे. ती माझ्याकडे बघत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं, दुकानातलंसुद्धा. नर्सची झोप तशीच असते. मी आरशातून तिच्याकडे बघत राहिले. तिनं ओठ हलवले. भावाचं नाव होतं, हजर म्हणायला तिच्याइतका हक्क कोणाचा नव्हता.

"मी जागी आहे गं," ती म्हणाली. "जाग्या माणसाचं धरत नाहीत."

मग मी पत्र स्टिअरिंगवर ठेवून सही केली. स्टिअरिंग गोल, सही वेडीवाकडी आली. शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले. आत्यानं मागून हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तसाच ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "आता मला बाहेर काढ बाई, हा दरवाजा काही उघडत नाही."

काका परतले तेव्हा त्यांनी पत्र बघितलं, घडी केली, खिशात ठेवलं. "ओळ?"

"सापडली."

"दोघांनी सांगितलंय?"

"एक चहावाल्या बाई. दुसरी मी. झोपेत होते, पण होते."

काकांनी थोडा विचार केला. "चालेल," ते म्हणाले.

उरलेला रस्ता फारसा आठवत नाही. मुक्काम एका शाळेत होता, वर्गातले बाक भिंतीला लावून गाद्या घातल्या होत्या आणि फळ्यावर कोणीतरी सुंदर अक्षरात प्रतिनिधींचं स्वागत लिहिलं होतं. सकाळी नोंदणीच्या टेबलावर एका मुलीनं काकांकडचं पत्र वाचलं, हजेरीपटावर एका नावावर पट्टीनं रेघ ओढली आणि माझ्यापुढे निळं कार्ड सरकवलं. जुनं परत द्यायला हवं होतं. मी ते टेबलावर ठेवलं. तिनं ते उचललं नाही, नुसतंच दुसरीकडे बघितलं, मग मी ते परत पर्समध्ये टाकलं.

सभागृह मोठं होतं आणि वरच्या काचांतून उजेड तिरका खाली येत होता, धुळीसकट, कालच्या धुक्यासारखा. मी स्टेजवर गेले. सगळे उभे राहिले. मागच्या रांगेत आत्या, तिला उभं राहायचं असतं हे काकांनी कोपरानं सांगितलं. मी वाचायला लागले आणि पहिल्या नावानंतर थांबले. लोकांना त्या थांबण्याची सवय होती. दुसऱ्या नावानंतर थांबले. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं, पण काही म्हणाले नाहीत.

सव्वीस झाली. मग मी बाबांचं नाव वाचलं. बारा अधिवेशनं. पुढची ओळ अशी होती: प्रत्येक नावानंतर थांबायचे, कोणी चुकून हजर म्हणालं तर यादीतून काढता यावं म्हणून.

सभागृहात एक हलकी लाट गेली. आपल्याला वाटायचं दम लागतो, असं कितीतरी जण एकाच वेळी मनात म्हणाले असावेत. मग सगळं शांत झालं, आणि मी थांबले. पाच श्वास. सहा. मी मोजणं सोडलं. काका सरळ उभे होते, शेजारी आत्या डोळे मिटून. मागे कोणीतरी खोकलं.

खोकल्याला हजेरी म्हणत नाहीत. बाबांनी ते धरलं नसतं. मी आणखी एक श्वास वाट बघितली आणि यादी खाली ठेवली.